ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. बऱ्याच गटांनी मागणी केली म्हणून इथे छापत आहोत. गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावं.)



आज परतफेड आणि थकबाकी यावर एक शब्द बोलायचा नाही, असं अध्यक्षताईंनी मला बजावलंय. मोबाइलवर बोल म्हणाल्या. हा विषय मला देणं म्हणजे लेकराच्या हातात गुळाचा खडा देणं. मला फोनचं वेड आहे हे तुम्हाला माहितीच आहे. नवा फोन बाजारात आला की त्याची बॅटरी किती, कॅमेरा कसा, आत नवीन काय, हे मी जेवण सोडून वाचत बसते. आई म्हणते, "एवढा अभ्यास परीक्षेला केला असतास तर कलेक्टर झाली असतीस."

गेल्या महिन्यात मी नवा फोन घेतला आणि तेव्हापासून भेटेल त्याला दाखवत सुटलेय. बॅटरी ५००० एमएएचची आहे. म्हणजे सकाळी निघून पाटोद्याकडची चार गावं केली, दिवसभर फोटो काढले, नोंदी भरल्या, तरी रात्री घरी पोचेपर्यंत चार्जिंग टिकतं. भर उन्हात, रानात उभं राहून स्क्रीन वाचता येते. आवाज एवढा मोठा की अंगणात ठेवला तर ओसरीवर ऐकू येतो. सोयाबीनच्या पानावरची बारीक अळीसुद्धा कॅमेऱ्यात नीट दिसते.

पण मी काही फोन विकायला आले नाही बरं का. आज मी जे सांगणार आहे ते बहुतेक सगळं तुमच्या घरातल्या सात-आठ हजारांच्या फोनवरही चालतं. फोन महाग आहे का स्वस्त, हा प्रश्नच नाही. तो कुणाच्या खिशात असतो आणि त्यातला नंबर कुणाचा आहे, हा प्रश्न आहे. तिथपर्यंत मी येतेच. आधी फोनची गंमत बघू.

वाचता येत नाही? बोला की!

गटात मला हमखास ऐकायला मिळतं, "आम्हाला कुठं लिहितावाचता येतंय, आम्हाला काय करायचाय तसला फोन?" मावशी, खरं तर तुमच्यासाठीच हा फोन जास्त कामाचा आहे.

टाइप करायच्या जागी एक माइकचं चित्र असतं. ते दाबायचं आणि मराठीत बोलायचं. तुम्ही बोलाल ते फोन लिहून काढतो. "बीडहून पुण्याला गाडी किती वाजता" असं बोललात तरी चालतं, फक्त जरा सावकाश बोला. व्हॉट्सअ‍ॅपवर तर लिहायचीही गरज नाही. माइक दाबून धरा, बोला आणि सोडा. बैठकीची वेळ बदलली तर अध्यक्षांनी गटाच्या ग्रुपवर आवाजातच सांगावं. सगळ्या ऐकतील.

दुसरी गंमत म्हणजे गूगल लेन्स. बँकेतून कागद आला, दवाखान्याची चिठ्ठी आली, खताच्या पोत्यावर काही छापलेलं आहे. फोनचा कॅमेरा त्यावर धरायचा, मजकूर निवडायचा, आणि 'ऐका' दाबलं की फोन तो वाचून दाखवतो. इंग्रजी असेल तर मराठीत करूनही देतो. डॉक्टरांचं हातचं अक्षर त्याला कधी कधी लागत नाही, ते कंपाउंडरलाही लागत नाही. पण छापलेला कागद चांगला वाचतो. अंगठा उठवायच्या आधी कागदात काय आहे ते कानाने ऐकता येणं, ही लहान गोष्ट नाही.

सगळ्यात साधं अ‍ॅप, सगळ्यात मोठा हिशेब

फोनमध्ये कॅल्क्युलेटर असतो. त्याला इंटरनेट लागत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी दरसाल दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. त्यांच्यासाठी आज एक हिशेब करू.

जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपये होते ते साधारण ३६६ झाले. आता समजा, एका कोयत्याने म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने ८० हजार रुपये उचल घेतली. कॅल्क्युलेटर काढा. ८०,००० भागिले ३६६. उत्तर येतं जवळपास २१९. म्हणजे २१९ टन ऊस तोडला की उचल फिटली. रोज दोन टन तोड धरली तर ११० दिवस. हा नुसता मजुरीचा हिशेब झाला. त्यात आजारपणाचे खाडे धरलेले नाहीत आणि मधे घेतलेली खर्चीही धरलेली नाही.

हा आकडा तुम्हाला हंगामाच्या सुरुवातीलाच माहीत असेल तर शेवटी मुकादम "अजून एवढे फिटायचे राहिले" म्हणाला की तुम्हाला विचारता येतं, "किती टनाचा हिशेब धरलाय, दाखवा." आणि दाखवायला तुमच्याकडंही काही पाहिजे. म्हणून ज्या खेपेची काट्यावरची वजनाची पावती हाताला लागेल तिचा लगेच फोटो काढायचा. पावती भिजते, फाटते, चुलीत जाते. फोटोवर तारीख आपोआप राहते. उचल घेताना ज्या कागदावर सही किंवा अंगठा दिला त्याचाही फोटो काढून ठेवा. तोंडी हिशेबात बाईमाणसाचं कुणी ऐकत नाही, फोटो असला की ऐकावं लागतं.

हेच गटाच्या बाबतीत करा. गटाच्या नोंदी आता लोकॉस अ‍ॅपमध्ये भरल्या जातात. सीआरपी ताई नोंद करतात तेव्हा स्क्रीन बघायला मागा आणि आपल्या पासबुकाशी ताळा करा. त्यात अविश्वास काही नाही. वही जशी सगळ्यांसमोर वाचतो, तसाच मोबाइलही सगळ्यांसमोर वाचायचा.

चार अ‍ॅप, चार कामं

पहिलं दामिनी. हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलंय. तुम्ही जिथं आहात तिथून २० ते ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर ते सूचना देतं. आपल्याकडं मृगाच्या आधीच्या पावसात आणि परतीच्या पावसात रानात वीज पडून माणसं, जनावरं दगावतात. खुरपायला गेलेल्या बाया पाऊस आला की झाडाखाली जातात आणि तिथंच घात होतो. सूचना आली की झाड सोडायचं, पक्क्या घरात जायचं. या अ‍ॅपला फोनमधलं लोकेशन चालू ठेवावं लागतं, एवढं लक्षात ठेवा.

दुसरं मेरा राशन. आपल्या कार्डावर किती माणसं आहेत, किती धान्य मिळायला पाहिजे, ते यात दिसतं. तुमचं कार्ड आपल्या जिल्ह्यातलं असलं तरी तुम्ही कारखान्यावर असाल तिथल्या रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेऊ शकता. 'एक देश एक रेशन कार्ड' म्हणतात ते हेच. कुटुंबातली निम्मी माणसं फडावर आणि म्हातारी-लेकरं गावात असतील तरी दोन्हीकडं आपापला वाटा उचलता येतो. जवळचं दुकान कुठं आहे तेही अ‍ॅपमध्ये दिसतं. कोपीवर चार-पाच महिने राहायचं आणि सगळं धान्य किराण्यातून विकत घ्यायचं, हा खर्च वाचतो.

तिसरं ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्यानं स्वतः आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरून करायची सोय झाली. रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा असतो. आता मला सांगा, रानात रोज कोण असतं? मग ही नोंद बाईनं करायला काय हरकत आहे?

चौथं म्हणजे अ‍ॅप नाही, सरकारचं संकेतस्थळ आहे. भूलेख महाभूमी. तिथं आपल्या गटाचा सातबारा फुकट बघता येतो. सही असलेला डिजिटल उतारा हवा असेल तर १५ रुपये पडतात. एकदा बघा तरी, त्यावर तुमचं नाव आहे का. नसेल तर तलाठ्याकडं लक्ष्मी मुक्ती योजनेची चौकशी करा. नवऱ्याच्या नावासोबत बायकोचं नाव लावायची ती योजना आहे.

आता खरा मुद्दा

हे सगळं ऐकून तुम्ही घरी जाल, अ‍ॅप उघडाल, आणि अ‍ॅप म्हणेल, "तुमच्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे." मग तुम्ही फोनकडं बघत बसाल. ओटीपी येणारच नाही. कारण आधारला नंबर लावलाय मालकांचा. किंवा पुण्याला कंपनीत असलेल्या पोराचा. किंवा सहा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या जुन्या सिमचा. काही ठिकाणी तर ज्यानं फॉर्म भरला त्या सेंटरवाल्याचाच नंबर आहे!

२०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायांना विचारलं होतं, "स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडं आहे का?" देशात १०० पैकी ५४ जणींनी हो म्हटलं. खेड्यातल्या बायांमध्ये हाच आकडा ४७च्या आत होता. म्हणजे निम्म्याहून जास्त जणींना फोन मागून घ्यावा लागत होता. आणि मागून घेतलेल्या फोनवर आपलं काही नसतं.

लाडकी बहीणचंच बघा. २०२४च्या राखीपौर्णिमेच्या तोंडावर पहिले ३००० रुपये आले. तेव्हा किती जणी बँकेच्या दारात उभ्या होत्या, "माझे आले का, कुठल्या खात्यात आले?" सरकारचा पैसा आधारला जोडलेल्या खात्यात जातो. फॉर्मवर लिहिलं एक खातं, आधार जोडलेलं निघालं दुसरंच, कधीतरी उघडलेलं आणि विसरलेलं. आधारच्या संकेतस्थळावर हे दोन मिनिटांत बघता येतं. 'बँक सीडिंग' असं तिथं लिहिलेलं असतं. पण तिथंही ओटीपी लागतोच. २०२५च्या सप्टेंबरात ई-केवायसी सुरू झाली तेव्हा परत तेच. ज्यांचा नंबर स्वतःचा होता त्यांचं काम घरात बसून झालं. बाकीच्यांनी मजुरी बुडवून खेपा घातल्या.

पैसे तुमच्या नावावर येतात, पण आल्याचा मेसेज दुसऱ्याच्या फोनवर जातो. काढल्याचा मेसेजही तिकडंच जातो. मग ते पैसे आले किती, गेले कुठं, हे तुम्हाला कोण सांगणार? मी कुणाच्या घरात भांडण लावायला आले नाही. बऱ्याच घरात मालक, पोरं चांगली आहेत, सगळं सांगतात. पण चांगल्या घरातसुद्धा हिशेब ज्याचा त्याला माहीत असावा. गटात आपण कोषाध्यक्षावर प्रेम करतो, तरी वही दर बैठकीला वाचतोच ना?

अजून एक गोष्ट फडावर जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा. सिम साधारण तीन महिने अजिबात वापरलं नाही तर कंपनी तो नंबर बंद करून दुसऱ्या कुणाला देऊ शकते. तुमच्या बँकेला, आधारला तोच नंबर लावलेला असेल तर तुमचे मेसेज अनोळखी माणसाकडं जातील. म्हणून जाताना सिम डब्यात टाकून जाऊ नका. सोबत न्या, त्यात थोडा बॅलन्स ठेवा, अधूनमधून एखादा फोन लावा.

फोन आला की चोरही येतात

यूपीआय २०१६ साली सुरू झालं. आज भाजीवालीच्या पाटीवरही कोड लावलेला असतो. स्वतःचा नंबर बँकेला लावलेला असेल तर तुम्हीही हे वापरू शकता. एटीएम कार्ड नसलं तरी बऱ्याच बँकांत आधारच्या ओटीपीवर पिन तयार करता येतो. बटणाचा साधा फोन असणाऱ्यांसाठीही ८ मार्च २०२२ला, महिला दिनालाच, यूपीआय १२३पे सुरू झालं.

पण एक नियम कपाळावर गोंदवून घ्या. पिन पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. "तुमच्या खात्यात पाच हजार टाकतोय, पिन टाका" असं कुणी म्हटलं की समजायचं, हा पैसे काढतोय. ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही. बँकेचा साहेब म्हणाला तरी नाही, आणि मी फोन केला तरी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून, योजनेची यादी म्हणून एखादी फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. ती उघडायची नाही. ती उघडली की तुमचे मेसेज चोराला दिसायला लागू शकतात. पत्रिका फोटोत येते, नाहीतर पीडीएफमध्ये.

पोलीस म्हणून व्हिडिओ कॉल आला आणि "तुम्हाला डिजिटल अटक केली" म्हणाला तर फोन ठेवून द्या. कायद्यात तशी अटकच नाही. आणि एवढं करूनही फसलात तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० नंबर लावा. जितका लवकर फोन कराल तितकी पैसे वाटेत अडवायची आशा जास्त.

शेवटचा चोर कर्जाच्या अ‍ॅपचा. "कागद नको, जामीन नको, पाच मिनिटांत कर्ज." असली अ‍ॅप कशी लुबाडतात ते हिशेबानं बघा. मंजूर ३०००, हातात आले २०००, कारण हजार रुपये फी म्हणून आधीच कापले. फेडायचे ३०००, तेही सात दिवसांत. म्हणजे दोन हजारावर आठवड्याला हजार रुपये. आपल्या गटाचं व्याज दोन रुपये शेकडा धरलं तर दोन हजाराला महिन्याचे चाळीस रुपये होतात. वरून ही अ‍ॅप फोनमधले सगळे नंबर आणि फोटो घेतात. हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून बदनामी करतात. रात्री बारा वाजता पैशाची गरज पडली तर अ‍ॅप उघडू नका, अध्यक्षताईंचं दार वाजवा. गट त्यासाठीच आहे.

पुढच्या बैठकीपर्यंत एवढं करा

टाळ्या वाजवून घरी जाऊ नका, हे टिपून घ्या.

एक. तुमचं आधार आणि बँक खातं यांना कुठला नंबर लावलाय ते शोधा. तुमचा नसेल तर बदलून घ्या. गावातल्या पाच-सहा जणी मिळून एकाच दिवशी आधार केंद्रावर आणि बँकेत जा. मला तारीख कळवा, मी सोबत येते.

दोन. सिम शक्यतो तुमच्याच नावावर घ्या. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर निघाला तर तिथूनच तक्रार करता येते.

तीन. फोनवर *#०६# दाबा. १५ आकडी आयएमईआय नंबर येईल. तो गटाच्या पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन त्याच नंबरावर तो संचार साथीतून बंद पाडता येतो.

चार. पिन तुम्ही स्वतः ठरवा, स्वतः टाका. जन्मसाल नको, १२३४ नको. नातवालाही सांगू नका. त्याला फोन द्या गेम खेळायला, पण पिन देऊ नका.

पाच. प्रत्येक गटानं एक मोबाइल सखी निवडा. शिकलेली सून असेल, बारावीतली लेक असेल. दर बैठकीला शेवटची दहा मिनिटं तिची. एका बैठकीत एकच गोष्ट शिकायची.

आणि ज्यांना नवीन फोन घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी, कारण हे बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. हप्त्यावर वीस-तीस हजारांचा घेऊ नका. मेमरी ४ जीबीपेक्षा कमी नको, साठवणुकीची जागा ६४ जीबी तरी हवी, बॅटरी ५००० एमएएच. दुकानाबाहेर उन्हात नेऊन स्क्रीन दिसते का बघा, आणि आवाज कानाला न लावता ऐकू येतो का बघा. पक्कं बिल तुमच्या नावावर घ्या. गटातून कर्ज घेऊन फोन घेतलात तर कर्जाचं कारण म्हणून वहीत 'मोबाइल' असंच लिहा, लाजू नका. शेळी घेतो तसंच ते साधन आहे.

तुम्ही बचत पन्नास रुपयांपासून सुरू केली तेव्हा गावात लोक म्हणाले होते, "बायांना काय जमतंय." आज त्याच बँका तुमच्या गटांना लाखांचं कर्ज देतात. हा फोन तर तुमच्या तळहाताएवढा आहे. घाबरून एखादं बटण चुकीचं दाबलं गेलं तर मागं यायचं बटण असतंच. सभा संपल्यावर मी इथंच थांबणार आहे. ज्यांनी फोन आणलाय त्यांनी या. पहिल्यांदा सगळ्यांचा आयएमईआय लिहून घेऊ, मग ज्यांना माइकमध्ये बोलून बघायचंय त्यांचा नंबर.